सांगलीत राहून दीर्घिकांच्या सिम्युलेशनवरच्या पीएच.डी.ची तयारी होते का?

तुम्ही एकच प्रश्न विचारला आहे, पण त्यात तीन गुंतलेत. तुम्ही सांगलीत एम.एस्सी. फिजिक्सच्या शेवटच्या वर्षाला आहात, दीर्घिका (गॅलेक्सी) कशा घडतात यावर सुपरकॉम्प्युटर सिम्युलेशन वापरून पीएच.डी. करायची आहे, पण कॉलेजात तसलं मशीन नाही आणि हाताशी आठ जीबी रॅमचा लॅपटॉप आहे. हा एक. तुमच्या सरांचं म्हणणं, ‘सिम्युलेशनमध्ये जे घालाल तेच बाहेर येणार, त्यात शोध कसला?’ हा दुसरा. आणि वडील म्हणतात, दिवसभर कॉम्प्युटरपुढेच बसायचंय तर पुण्यात आयटीत जा, निदान पगार तरी बरा मिळेल. हा तिसरा.

मी मूळची कराडची, एम.एस्सी. शिवाजी विद्यापीठातून केलं, आणि बरीच वर्षं हेच काम करते आहे. आता विद्यार्थ्यांना गाइडही करते. मशीनचा प्रश्न मला सगळ्यात जास्त वेळा विचारला जातो आणि तोच सगळ्यात सोपा आहे. खरा प्रश्न तुमच्या सरांचा. पीएच.डी.ची बरीच वर्षं त्याच एका शंकेशी झुंजण्यात जातात, म्हणून माझं बरंचसं उत्तर त्याच्याभोवती असेल.

आधी मशीनचं उरकते. कुठल्याच विद्यार्थ्याकडे स्वतःचा सुपरकॉम्प्युटर नसतो, आणि बहुतेकांना आपलं मशीन कुठल्या खोलीत आहे हेही ठाऊक नसतं. आपल्या लॅपटॉपवरून लॉगिन करायचं, समोर काळी खिडकी येते, तिथे जॉब रांगेत लावायचा आणि नंबर यायची वाट बघायची. सी-डॅक या सरकारी संगणन संस्थेने पुण्यात १९९१ मध्ये परम ८००० हा सुपरकॉम्प्युटर उभा केला तेव्हा अशी सोय मोजक्याच लोकांना होती. २०१५ पासून राष्ट्रीय सुपरकॉम्प्युटिंग मोहिमेतून बऱ्याच संस्थांत मशीन बसली: पुण्याच्या आयसरमध्ये परम ब्रह्म, बंगळुरूच्या आयआयएससीत ३.३ पेटाफ्लॉपचा (सेकंदाला सुमारे ३,३०० लाख कोटी गणितं करणारा) परम प्रवेग, आणि २०२४ मध्ये परम रुद्र मालिकेतलं एक खोडदच्या जीएमआरटी दुर्बिणीच्या कामासाठी. पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्र संस्थेची स्वतःची क्लस्टर, म्हणजे जोडून चालवलेल्या कॉम्प्युटरांचे संच, आहेत. तुम्ही ज्या गटात जाल त्या गटाला यातला कुठला तरी वाटा मिळालेला असतो. किती तास मिळतील, रांग किती लांब असेल, हे संस्थेवर आणि गाइडच्या प्रकल्पावर अवलंबून आहे. तिथे मी काही सांगू शकत नाही, प्रवेश घेण्याआधी त्या गटातल्या सीनियर विद्यार्थ्यांना विचारा. ते खरं सांगतात.

शिवाय तुम्हाला स्वतः मोठं सिम्युलेशन चालवावं लागेलच असं नाही. गेल्या दहा वर्षांतली सगळ्यात मोठी सिम्युलेशन जर्मनी, ब्रिटन, हॉलंड, अमेरिकेतल्या गटांनी केली आणि त्यांचा डेटा जगाला खुला केला. इलस्ट्रिस टीएनजी हे त्यातलं सर्वांत वापरलं जाणारं. सगळा डेटा मिळून पेटाबाइटच्या घरात जातो, एकेक स्नॅपशॉट (सिम्युलेशनमधल्या एका क्षणाची पूर्ण नोंद) टेराबाइटच्या वर. पण नाव नोंदवलं की हवी ती एकच दीर्घिका कापून सांगलीतल्या लॅपटॉपवर उतरवता येते, फुकट. त्यांच्याच सर्व्हरवर ब्राउझरमधून पायथन चालवायचीही सोय आहे. भारतातल्या कितीतरी पीएच.डी. या खुल्या डेटावर झाल्या आहेत आणि त्यात काही कमीपणा नाही. कुणी ‘तू स्वतः रन केलंस का?’ असं नाक मुरडून विचारलं तर लक्ष देऊ नका.

आता मूळ मुद्दा. हे सगळं करायचंच कशाला?

सूर्याला आपल्या आकाशगंगेभोवती एक फेरी मारायला साधारण तेवीस-चोवीस कोटी वर्षं लागतात. दोन दीर्घिका एकमेकींत मिसळायला शंभर कोटी वर्षं सहज लागतात. दुर्बिणीतून आपल्याला प्रत्येक दीर्घिकेचा एकच क्षण दिसतो, आणि त्यापुढे काय झालं ते बघायला कुणी थांबू शकत नाही. प्रयोगशाळेत दीर्घिका बनवता येत नाही. तेव्हा भौतिकशास्त्राचे नियम घेऊन ती पुन्हा घडवून बघणं एवढाच मार्ग उरतो.

हे लोकांना कॉम्प्युटरच्या आधीपासून ठाऊक होतं. १९४१ मध्ये स्वीडनच्या एरिक होल्मबर्ग यांनी दोन दीर्घिकांची टक्कर दिव्याच्या बल्बांवर करून पाहिली. एका दीर्घिकेला ३७ बल्ब, दोन मिळून ७४. प्रकाशाची तीव्रता अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात कमी होते आणि गुरुत्वाकर्षणही तसंच कमी होतं, हा त्यातला धागा. प्रत्येक बल्बच्या जागी फोटोसेल धरायचा, कुठल्या बाजूने किती प्रकाश येतो ते मोजायचं, म्हणजे त्या जागी किती ओढ आहे ते कळलं. त्या हिशेबाने बल्ब थोडा सरकवायचा. मग पुढचा बल्ब. सगळे झाले की पुन्हा पहिल्यापासून. त्यातून त्यांना दिसलं की जवळून जाणाऱ्या दीर्घिकांना भरती-ओहोटीच्या बलाने सर्पिल बाहू फुटू शकतात. मी नव्या विद्यार्थ्यांना हा पेपर पहिल्या आठवड्यात वाचायला देते, कारण आज आपण जे करतो ते मुळात हेच आहे: बल मोजा, सरकवा, पुन्हा मोजा.

पुढे १९७२ मध्ये तूम्रे बंधूंनी कॉम्प्युटरवर दाखवलं की काही दीर्घिकांना ज्या लांब शेपट्या दिसतात त्या टकरीतून तयार होतात. अडचण होती ती कणांच्या संख्येची. दहा लाख कण घेतले आणि प्रत्येकाची प्रत्येकाशी ओढ मोजायची म्हटली तर काळाच्या एका पावलाला सुमारे ५० हजार कोटी जोड्या. १९८६ मध्ये बार्न्स आणि हट यांनी झाडासारखी रचना सुचवली: दूरच्या कणांचा गठ्ठा एकच कण धरायचा, जवळच्यांना सुटं मोजायचं. हिशेब एकदम काही कोटींवर आला. आपल्याकडे खगोलशास्त्रज्ञ जसजीतसिंग बागला यांनी २००२ मध्ये हीच झाडाची पद्धत आणि जाळीची पद्धत (अवकाशाचे चौकोन पाडून ओढ मोजायची) एकत्र करून ट्री-पीएम कोड प्रसिद्ध केला. २००५ चं मिलेनियम सिम्युलेशन अशाच घराण्यातलं: सुमारे हजार कोटी कण, प्रत्येकाचं वस्तुमान शंभर कोटी सूर्यांच्या आसपास, जर्मनीतल्या मशीनवर ५१२ प्रोसेसरांना महिनाभराचं काम.

मिलेनियममध्ये फक्त डार्क मॅटर होतं, म्हणजे न दिसणारं, फक्त ओढीवरून कळणारं द्रव्य. डार्क मॅटरचं एक बरं असतं, ते गुरुत्वाकर्षणाखेरीज कुणाचं ऐकत नाही. आपल्याला दिसतात ते तारे बनतात वायूपासून, आणि वायू हा अत्यंत तापट प्राणी. तो तापतो, थंड होतो, दाबला जातो, त्यात तारे जन्मतात, तारे फुटले की तो बाहेर फेकला जातो, मधलं कृष्णविवर त्याला गिळतं आणि वर ऊर्जाही ओकतं. सरांची शंका इथे येऊन उभी राहते.

टीएनजी-१०० या सिम्युलेशनमध्ये ताऱ्यांचा एक कण म्हणजे सुमारे १४ लाख सूर्य. आपल्या आकाशगंगेतल्या ताऱ्यांचं एकूण वस्तुमान पाच-सहा हजार कोटी सूर्यांएवढं, म्हणजे अख्खी आकाशगंगा साधारण चाळीस हजार कणांत बसते. एका कणात लाखो सूर्य असताना त्यातला एक तारा फुटलेला कुठून दिसणार? तो दिसतच नाही. म्हणून सुपरनोव्हाने आसपासच्या वायूला किती ढकललं, याचा एक ठोकळ नियम कोडमध्ये हाताने लिहावा लागतो. कृष्णविवराचं तेच. या नियमांत काही आकडे असतात, आणि हो, ते आकडे निरीक्षणांशी जुळतील असे बसवले जातात. सर इथे शंभर टक्के बरोबर आहेत. हे कुणी झाकून ठेवत नाही, टीएनजीच्या पेपरांत कुठल्या निरीक्षणांवर आकडे बसवले त्याची यादीच दिली आहे.

मग शोध कसला? आपल्या भागातलंच उदाहरण घेऊ. समजा कुणी कृष्णेच्या पुराचं मॉडेल केलं. कोयनेतून किती क्युसेक सोडलं, प्रीतिसंगमावर कृष्णेत किती भर पडली, हरिपूरला वारणा कशी येऊन मिळाली, आणि सांगलीच्या आयर्विन पुलाशी पाणी किती फुटांवर जाणार. त्यात प्रत्येक ओढा आणि प्रत्येक शेताचा बांध घालता येणार नाही. त्यांच्याऐवजी एक ठोकळ नियम, आणि त्यातले आकडे २००५ च्या पुरावरून बसवलेले. असं मॉडेल २००५ चा पूर बरोबर दाखवतं म्हणून कुणी टाळ्या वाजवणार नाही, सरांसारखेच सगळे म्हणतील की घातलंस तेच आलं. पण एकही आकडा न हलवता त्याच मॉडेलला २०१९ चा पाऊस दिला तर? आयर्विनची पातळी जमली आणि हरिपूरची साफ चुकली, तर चूक वारणेच्या बाजूला आहे एवढं तरी कळलं. मॉडेल बरोबर आलं की समाधान मिळतं. कुठे चुकतंय ते कळलं की पुढच्या कामाची दिशा मिळते.

दीर्घिकांत हे अगदी असंच घडलं आहे. टीएनजीच्या आधीचं इलस्ट्रिस २०१४ मध्ये आलं. ताऱ्यांची संख्या, दीर्घिकांची सर्पिल-लंबगोल रूपं यांत ते बऱ्यापैकी जमलं होतं. पण दीर्घिकांच्या समूहांतला वायू पाहिला तर तो प्रत्यक्षापेक्षा फारच कमी. कृष्णविवराचा धक्का इतका जबर होता की त्याने समूहांमधला वायू बाहेर फेकून दिला होता. घातलं तेच बाहेर येत असतं तर ही चूक आलीच नसती, कारण ती कुणी घातली नव्हती. टीएनजीत कृष्णविवराचा तो नियम बदलला. आणि ज्यावर आकडे बसवले नव्हते, उदाहरणार्थ दीर्घिकांचे रंग, निळ्या किती आणि लाल किती, ते आकाशाशी ताडून पाहिले तर बरेच चांगले जमले. २०२० मध्ये जीएमआरटीच्या निरीक्षणांतून सुमारे ८०० कोटी वर्षांपूर्वीच्या दीर्घिकांमधल्या अणुरूप हायड्रोजनची सरासरी पहिल्यांदा मोजली गेली. टीएनजी तेव्हा होऊन गेलं होतं, त्याचे आकडे बसवताना हे मोजमाप जगात नव्हतंच. अशी निरीक्षणं सिम्युलेशनवाल्यांना फार प्रिय असतात आणि तितकीच भीतीदायकही.

म्हणून सरांना उत्तर द्यायचं तर असं द्या: कशावर आकडे बसवले आणि कशाचं भाकीत केलं, हे दोन ढीग वेगळे ठेवले तर हे विज्ञान आहे. ते मिसळले तर सर बरोबर. चांगला थिसिस वाचताना हे दोन ढीग लगेच दिसतात. वाईट थिसिसमध्ये ते शोधावे लागतात.

एवढ्यावरही काम संपत नाही, कारण आणखी एक तिसरीच गोष्ट बाहेर येते. ती तुम्ही घातलेली नसते आणि निसर्गातलीही नसते. ती कोडची असते.

आमच्या गटातल्या एका मुलीचं उदाहरण देते. काही बटू, म्हणजे अगदी लहान, दीर्घिकांच्या निरीक्षणांवरून असं वाटतं की मध्याशी डार्क मॅटरची घनता एका पातळीला येऊन सपाट होते. फक्त डार्क मॅटर घेतलेल्या सिम्युलेशनमध्ये मात्र ती मध्याकडे वाढतच जाते. हा जुना वाद आहे. हिला आपल्या बटू दीर्घिकेत मध्याशी घनता सपाट झालेली दिसली. आलेख सुरेख होता. मी तिला एवढंच विचारलं, यावर सॉफ्टनिंगची उभी रेघ कुठे आहे? सॉफ्टनिंग म्हणजे काय ते सांगते. दोन कण अगदी जवळ आले तर अंतराच्या वर्गाने भागताना बल प्रचंड वाढतं आणि कण भलतीकडे उडतात. खऱ्या डार्क मॅटरचे कण असे एकमेकांना उडवत नाहीत, हा आपल्या ढोबळ कणांचा दोष. म्हणून एका ठरावीक अंतराच्या आत बल मुद्दाम बोथट करतात. तेवढ्या भागात गुरुत्वाकर्षण खरं नसतंच. तिने रेघ मारली. सपाट भाग जवळजवळ सगळा त्या रेघेच्या दोन-अडीच पटींच्या आत होता.

मग तिने तीच सुरुवात घेऊन आठपट कणांनी पुन्हा चालवलं. लांबीत दुप्पट बारकाई हवी असेल तर कण आठपट लागतात, आणि काळाची पावलंही लहान घ्यावी लागत असल्याने खर्च सोळापटीच्या आसपास जातो. सुपरकॉम्प्युटर लागतो तो या सोळापटीसाठी. जॉब वेळेची मर्यादा गाठून थांबायचा, रिस्टार्ट फायलींवरून पुन्हा रांगेत, स्क्रॅच (तात्पुरती) डिस्क भरली की रात्रीत फायली हलवा, असं चालू होतं. शेवटी आलेख आला तेव्हा सपाट भाग रेघेबरोबर आत सरकलेला होता. म्हणजे तो निसर्गाचा नव्हता. या प्रकरणातून तिच्या थिसिसचा एक अख्खा भाग निघाला: किती अंतराच्या आत विश्वास ठेवायचा नाही, आणि ते ठरवायचं कसं.

असे सापळे बरेच आहेत. तीच सुरुवात, तोच कोड, फक्त कोअरची संख्या बदलली तरी एकेक दीर्घिका थोडी वेगळी निघते, कारण दशांशांच्या बेरजेचा क्रम बदलला की शेवटचा अंक बदलतो आणि तो फरक वाढत जातो. त्यामुळे एकाच दीर्घिकेवर सिद्धांत उभारणाऱ्या पेपरांकडे मी जरा संशयानेच बघते.

आणि मोठं मशीन म्हणजे मोठा शोध, हेही डोक्यातून काढून टाका. आपली आकाशगंगा आणि देवयानी दीर्घिका यांची टक्कर साधारण चारशे कोटी वर्षांनी होणारच, असं २०१२ पासून सगळीकडे लिहिलं जात होतं. जून २०२५ मध्ये एका गटाने तोच हिशेब पुन्हा केला, पण त्यात मोठा मॅगेलनी मेघ ही आपल्या शेजारची लहान दीर्घिकाही घेतली आणि प्रत्येक मोजमापातली अनिश्चितता धरून हजारो वेळा चालवला. निष्कर्ष: पुढच्या हजार कोटी वर्षांत टक्कर होण्याची शक्यता जेमतेम अर्धी. त्यात मुख्य खेळाडू चारच होते. दुसरीकडे टीएनजी-५० ला श्टुटगार्टच्या मशीनवर १६ हजारांहून जास्त कोअर वर्षाहून अधिक काळ लागले. दोन्ही पहिल्या दर्जाची कामं आहेत. फरक प्रश्नात आहे, आणि प्रश्नाला किती मशीन लागेल ते प्रश्न ठरवतो.

तर सांगलीत बसून करायचं काय? मी क्रमाने सांगते, पण तुमची एम.एस्सी.ची परीक्षा आणि नेट परीक्षेचा अभ्यास सांभाळून जेवढं जमेल तेवढंच घ्या.

लॅपटॉपवर लिनक्स टाका. पायथनमध्ये सूर्य आणि पृथ्वी एवढे दोनच कण घ्या आणि ऑयलरच्या साध्या पद्धतीने पृथ्वी फिरवा. काही फेऱ्यांत ती बाहेर-बाहेर सरकत जाईल. नियम न्यूटनचाच आहे, तरी कक्षा बिघडते. एकूण ऊर्जेचा आलेख काढा, तो चढताना दिसेल. मग लीपफ्रॉग पद्धत वापरा, ज्यात वेग आणि जागा अर्ध्या-अर्ध्या पावलाने बदलतात. ऊर्जा किंचित वरखाली होईल, पण चढत जाणार नाही. हे करायला दोन संध्याकाळी पुरतात. मी मुलाखतीला बसते तेव्हा पाच कोडची नावं पाठ असलेल्या मुलापेक्षा हे करून पाहिलेला मुलगा मला जास्त आवडतो.

त्यानंतर हजार कण घ्या. एका पावलाला पाच लाख जोड्या, लॅपटॉपला काहीच नाही. दहा हजार घेतले की पाच कोटी, आता पंखा वाजायला लागेल. हा फरक एकदा स्वतःच्या कानांनी ऐकला की झाडाची पद्धत का लागली ते वेगळं शिकवावं लागत नाही. मग गॅजेट-२ हा खुला कोड उतरवा. त्याच्याबरोबर दोन दीर्घिकांच्या टकरीचं तयार उदाहरण येतं, ६० हजार कणांचं, ते तुमच्या लॅपटॉपवर आरामात चालेल. कंपाइल करताना लायब्ररी सापडत नाही म्हणून एक-दोन दिवस वैतागाल. पीएच.डी.तही असेच वैतागाल, तेव्हा सवय झालेली बरी.

एम.एस्सी.चा प्रोजेक्ट अजून ठरला नसेल तर माझी सूचना अशी. टीएनजी-१०० एकाच सुरुवातीवरून तीन बारकाव्यांनी चालवलेलं आहे. पहिल्यात डार्क मॅटरचे १८२० घन (१८२० × १८२० × १८२०) कण, दुसऱ्यात ९१० घन, तिसऱ्यात ४५५ घन. एकच गोष्ट निवडा, समजा ठरावीक वस्तुमानाच्या दीर्घिकांमधला ताऱ्यांचा वाटा, आणि ती तिन्हींत मोजा. उत्तरं जुळणार नाहीत. कुठे जुळतात, कुठे फाटतात, आणि का, यावर वीस-पंचवीस पानं सहज होतील. याला लागणारे दीर्घिकांचे कॅटलॉग स्नॅपशॉटच्या मानाने फारच लहान असतात, लॅपटॉपवर मावतात. आणि सरांना गाइड म्हणून घ्या. ज्यांना या पद्धतीवर शंका आहे असा गाइड या प्रोजेक्टला लाखात एक मिळाला म्हणायचा.

या भागातून येणाऱ्या मुलांचं इंग्रजी आणि कोडिंग दोन्ही कच्चं असतं असं पुण्या-मुंबईत समजतात. इंग्रजी वर्षभरात सुधारतं. कोडिंगचं तर पुण्याच्या मुलांचंही फारसं बरं नसतं, फक्त ते सांगत नाहीत.

प्रवेशाचं थोडक्यात. सीएसआयआर-नेट आणि जेस्ट या दोन परीक्षा बहुतेक दारं उघडतात, काही संस्थांची स्वतःचीही परीक्षा असते. आयुका आणि एनसीआरए (रेडिओ खगोलशास्त्राचं केंद्र) यांची ग्रॅज्युएट स्कूल पुण्यात एकत्र चालते, पहिल्या वर्षी कोर्सवर्क असतं. पण पुण्यापुरतं बघू नका. दीर्घिकासमूहांतल्या तप्त वायूचं काम बंगळुरूच्या आयआयएससीत होतं, दीर्घिकांच्या मध्यावर दिसणाऱ्या ताऱ्यांच्या दांड्यांचं तिथल्याच आयआयए या खगोलभौतिकी संस्थेत. नियम आणि तारखा दरवर्षी थोड्या बदलतात, तेव्हा संस्थेच्या पानावरच वाचा, कुणाच्या व्हॉट्सॲप फॉरवर्डवर विसंबू नका. आयुकासारख्या संस्थांचे उन्हाळी कार्यक्रम असतात, त्यांचे अर्ज बरेच आधी भरावे लागतात.

आता वडिलांचा प्रश्न. तो रास्त आहे, त्यांच्याशी वाद घालू नका, आकडे सांगा. जानेवारी २०२३ पासून जेआरएफ, म्हणजे संशोधनाची सरकारी शिष्यवृत्ती, महिन्याला ३७ हजार रुपये आहे, दोन वर्षांनी एसआरएफ झाल्यावर ४२ हजार, वर नियमाप्रमाणे घरभाडं. घरून पैसे मागवावे लागत नाहीत. मात्र हेही सांगा की पीएच.डी.ला पाच-सहा वर्षं लागतील, पुढे पोस्टडॉकसाठी बहुधा परदेशात जावं लागेल, आणि कायमच्या जागा थोड्या आहेत. माझ्याबरोबर हे काम शिकलेले काहीजण आज प्राध्यापक आहेत. काही हवामानाच्या मॉडेलवर काम करतात, काही डेटा सायन्समध्ये आहेत आणि माझ्यापेक्षा कितीतरी जास्त कमावतात. मोठा डेटा, समांतर प्रोग्रॅमिंग, आणि आकड्यावर सहजी विश्वास न ठेवण्याची सवय, याला बाजारात किंमत आहे. पण फक्त त्या किमतीसाठी पीएच.डी. करू नका, तिथे पोचायचे जवळचे रस्ते आहेत, वडील म्हणतात तो त्यातलाच एक. घरात कर्ज असेल किंवा धाकट्या भावंडांचं शिक्षण तुमच्यावर असेल तर उत्तर वेगळं येऊ शकतं. ते तुमचं तुम्हालाच ठरवावं लागेल.

एक शेवटची, व्यवहाराची गोष्ट. गाइडला मेल करायची वेळ येईल तेव्हा ‘लहानपणापासून आकाशाची आवड आहे’ या वाक्याने सुरुवात करू नका. अशी मेल आम्हाला रोज येतात. त्यांचा एखादा अलीकडचा पेपर वाचा, त्यातलं तुम्हाला न पटलेलं किंवा न कळलेलं एक काहीतरी विचारा, आणि स्वतः केलेला एक आलेख जोडा, मग तो त्या तीन बारकाव्यांचा असला तरी चालेल. अक्षांवर एककं लिहा, सॉफ्टनिंगची रेघ मारा. मेल दहा ओळींच्या वर नको. दोन आठवड्यांत उत्तर आलं नाही तर एकदा आठवण करा. तरीही आलं नाही तर त्यांच्याकडे जागा नसेल असं समजून पुढच्या नावाकडे जा.